‘माय लास्ट डचेस’ची द्विभाषिक आवृत्ती: संहिता चोख, टिपा मात्र ड्यूकच्या बाजूच्या

रॉबर्ट ब्राउनिंग या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवीची ‘माय लास्ट डचेस’ ही ५६ ओळींची कविता आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेऊन पदवीला बसणाऱ्या विद्यार्थ्याला कुठल्या ना कुठल्या वर्षी हमखास भेटते. एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात मी ती बावीस वर्षे शिकवली. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असे आणि दरवर्षी कोणीतरी विचारीच, “मॅडम, मराठीतून टिपा असलेले एखादे पुस्तक मिळेल का?” त्या काळात मला असे पुस्तक सुचवता आले नाही, याची खंत माझ्या मनात राहून गेली होती. म्हणून गेल्या महिन्यात पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात ब्राउनिंगच्या निवडक कवितांची द्विभाषिक, सटीप आवृत्ती दिसली, तेव्हा ती मी आत डोकावूनही न पाहता घेतली. डाव्या पानावर इंग्रजी मूळ, उजव्या पानावर मराठी गद्य अर्थ, खाली शब्दार्थ आणि प्रत्येक कवितेच्या शेवटी प्रश्नसंच, अशी पुस्तकाची मांडणी आहे. पाने १४४, किंमत १९५ रुपये. प्रकाशकांना मी स्वतंत्र पत्र लिहिले असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. परंतु ज्यांच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांना त्यातले काय जवळ करावे आणि कशापासून सावध राहावे हे कळावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. पुस्तकात इतरही कविता आहेत, पण मी मुख्यतः एकाच कवितेविषयी लिहिणार आहे, कारण बहुतेक विद्यार्थी हे पुस्तक तिच्यासाठीच घेतील.

आधी चांगले ते सांगते. मूळ संहिता मी ओळीओळीने ताडून पाहिली. एकही ओळ गळलेली नाही, दर पाच ओळींनंतर क्रमांक दिलेला आहे आणि विरामचिन्हे जशीच्या तशी राखली आहेत. या कवितेत विरामचिन्हांना फार महत्त्व आहे. सारी कविता म्हणजे एका ड्यूकने आपल्या दिवंगत पत्नीच्या, म्हणजे डचेसच्या, चित्रासमोर केलेले बोलणे आहे. तो बोलता बोलता मध्येच थांबतो, “कसे सांगू?” असे स्वतःलाच विचारल्यासारखे करतो आणि पुन्हा बोलण्याचा धागा पकडतो; त्या थांबण्यात त्याची सारी तयारी दडलेली आहे. स्वस्त गाईडांमध्ये ही चिन्हे सर्रास उडवलेली असतात. येथे ती आहेत, याबद्दल संपादकांचे मनापासून आभार.

ऐतिहासिक टीपही नेटकी आहे. कवितेच्या शीर्षकाखाली ‘फेरारा’ हा एकच शब्द आहे. त्यावरून अभ्यासक इटलीतल्या फेराऱ्याचा ड्यूक दुसरा अल्फोन्सो याच्यापर्यंत पोहोचले. १५५८ साली मेदिची घराण्यातल्या लुक्रेझियाशी त्याचे लग्न झाले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १५६१ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती वारली. विषप्रयोग झाल्याची वदंता त्या वेळी उठली, पण मृत्यू बहुधा क्षयाने झाला असावा असे आता मानले जाते. पुढे १५६५ मध्ये अल्फोन्सोने ऑस्ट्रियाच्या बार्बराशी विवाह केला. तिचा भाऊ टायरॉलचा अधिपती होता आणि त्याची राजधानी इन्सब्रुक होती. कवितेच्या शेवटच्या ओळीत ‘इन्सब्रुकचा क्लॉस’ हा शिल्पकार अचानक का येतो, याचे उत्तर या माहितीत आहे: ज्याच्या घरची मुलगी मागायची त्याच्याच गावच्या कारागिराची वस्तू ड्यूक त्याच्या वकिलाला, म्हणजे दूताला, दाखवतो. बहिणीऐवजी मुलगी असा फरक ब्राउनिंगने केला, हेही टिपेत नोंदवले आहे. शिल्पकार क्लॉस आणि चित्रकार फ्रा पँडॉल्फ ही दोन्ही माणसे कवीच्या कल्पनेतली आहेत, हे बहुतेक गाईडे सांगत नाहीत. हे पुस्तक सांगते. कविता १८४२ साली ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’ या पुस्तिकेत नुसत्या ‘इटली’ या नावाने आली आणि आजचे नाव तिला १८४९ मध्ये मिळाले, ही माहितीही अचूक आहे. एकच दुरुस्ती हवी: सोळाव्या शतकातल्या फेराऱ्याला प्रस्तावनेत ‘मध्ययुगीन’ म्हटले आहे. तो प्रबोधनकाळ आहे, आणि चित्रे, शिल्पे, कलासंग्रह यांचा तो तोरा त्याच काळाचा आहे.

दुसरी चूक छंदाविषयीची आहे. प्रस्तावनेत या कवितेला ‘निर्यमक’ म्हटले आहे. प्रत्यक्षात ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोन-दोन ओळींच्या यमकात बांधलेली आहे: वॉल–कॉल, हँड्स–स्टँड्स. वाक्ये ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत वाहत जातात, त्यामुळे यमक कानाला जाणवत नाही, इतकेच. सहज गप्पा चालल्या आहेत असे वाटावे आणि खाली मात्र एक अक्षरही हाताबाहेर जाऊ नये, अशी ती रचना आहे. बोलणाऱ्या माणसाचा स्वभावच कवीने छंदात उतरवला आहे, म्हणून ही चूक किरकोळ मानता येत नाही.

आता मराठी अर्थाकडे वळते, कारण माझी खरी तक्रार तेथून सुरू होते. कवितेतला प्रसंग असा की ड्यूकच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलीकडच्या काउंटचा वकील आलेला आहे, खाली मंडळी जमली आहेत आणि ड्यूक त्या वकिलाला वर दालनात घेऊन आला आहे. भिंतीवर पडद्याआड पहिल्या पत्नीचे चित्र आहे. तो पडदा दूर करतो आणि बोलू लागतो. वकील एक शब्दही बोलत नाही. पुस्तकात या प्रकाराला सगळीकडे ‘स्वगत’ म्हटले आहे, ते मला पटत नाही. स्वगत म्हणजे कोणी ऐकत नाही असे धरून पात्राने स्वतःशी बोलणे. येथे ऐकणारा समोर बसलेला आहे आणि प्रत्येक वाक्य त्याच्यावर नेम धरून सोडलेले आहे. भा. रा. तांबे यांच्यामुळे ‘नाट्यगीत’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. तो येथे अधिक जवळचा ठरला असता, किंवा ‘नाट्यात्म एकभाषित’ असे म्हणता आले असते.

स्वगत म्हटल्यामुळे अनुवादकाचे ऐकणाऱ्याकडे लक्षच राहिलेले नाही. ड्यूक वकिलाशी ‘तू’ म्हणून बोलतो. “बस आणि तिच्याकडे पाहा.” “ऊठ आता.” “चल, खाली जाऊ.” मूळ इंग्रजीत ड्यूकच्या तोंडी कमालीची अदब आहे. तो ‘सर’ म्हणतो, बसण्याची कृपा कराल का असे विचारतो आणि निघताना वकील अदबीने मागे राहू लागला, तर “छे, आपण बरोबरच जाऊ” असे म्हणतो. मराठीत येथे ‘आपण’ अपरिहार्य आहे: “आपण जरा बसावे आणि तिच्याकडे पाहावे.” हे ऐकताना विनंती वाटते, पण बसायचे नाही असे म्हणण्याची सोय त्या बिचाऱ्या वकिलाला कोठे आहे? ज्याच्या हाती खरी सत्ता आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे ड्यूकच्या ‘आपण’मधून विद्यार्थ्याला कळले असते. ‘तू’ घातल्याबरोबर तो एखाद्या चित्रपटातला दमदाटी करणारा जमीनदार होऊन बसतो.

शीर्षकातल्या ‘लास्ट’चेही असेच झाले आहे. पुस्तकात ‘माझी शेवटची डचेस’ असे भाषांतर आहे. इंग्रजी शब्दात ‘शेवटची’ आणि ‘याआधीची’ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि नव्या सोयरिकीची बोलणी चाललेली असताना ड्यूकच्या मनातला अर्थ उघडच ‘याआधीची’ असा आहे. म्हणजे आधी एक होती, आता दुसरी येईल. मराठीत एका शब्दात दोन्ही आणणे अवघड आहे हे मला मान्य आहे, पण निदान एक टीप हवी होती. शेवटाकडे ड्यूक काउंटच्या मुलीविषयी बोलताना ‘ऑब्जेक्ट’ असा शब्द वापरतो. पुस्तकात त्याचा अर्थ ‘हेतू’ असा दिला आहे आणि वाक्यापुरता तो बरोबरही आहे. परंतु त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘वस्तू’ असा आहे, आणि चित्र दाखवून झाल्यावर व कांस्यशिल्पाकडे बोट दाखवण्याआधी ड्यूकच्या तोंडी तो शब्द यावा, ही कवीची योजना आहे. त्याच वाक्यात हुंड्याचा विषय आधी येतो आणि मुलगी नंतर. अनुवादकाने तेथे ‘हुंडा’ हाच शब्द ठेवला आहे, ते योग्य केले. आपल्याकडच्या वाचकाला तेथे वेगळी टीप लागत नाही.

सर्वांत मोठे नुकसान पंचेचाळिसाव्या ओळीच्या आसपास झाले आहे. एवढे लांब लांब बोलणारा ड्यूक तेथे अगदी त्रोटक बोलतो: “मी आज्ञा दिल्या, मग सारी हसू एकदम थांबली.” पुस्तकातला अर्थ आहे, “मी तिला ठार मारण्याची आज्ञा दिली.” ब्राउनिंगने जे बोलायचे टाळले, ते अनुवादकाने बोलून टाकले. पुढे एका अमेरिकन प्राध्यापकाने, हायरम कॉर्सन यांनी, या आज्ञांचा अर्थ खुद्द कवीला विचारला होता. तिला ठार करावे अशाच त्या होत्या, असे ब्राउनिंग आधी म्हणाले आणि जरा थांबून त्यांनी जोडले, की तिला मठात कोंडले असेही असू शकेल. म्हणजे कवीनेही ती जागा पूर्ण बंद केली नाही. आणि ती उघडी राहण्यातच भीती आहे. ‘आज्ञा’ अनेकवचनी आहे. कोणाला दिल्या, किती दिल्या, हे वकिलाने आपल्या मनाशी जुळवायचे आणि परत जाऊन आपल्या धन्याला, त्याच्या मुलीलाही, न बोलता कळवायचे. नव्या वधूने कसे वागावे याचा निरोप ड्यूक असा पाठवतो आहे. तो निरोप उघड करून टाकल्यावर कवितेत नुसती खुनाची एक बातमी उरते.

टिपांमध्ये ड्यूकचे वर्णन ‘मत्सराने आंधळा झालेला पती’ असे केले आहे. माझे मत वेगळे आहे. मत्सरासाठी प्रतिस्पर्धी लागतो आणि जिच्यासाठी जळायचे ती व्यक्ती हवीशी वाटावी लागते. ड्यूकच्या तक्रारींची यादी नीट वाचली, तर तीत प्रतिस्पर्धी असा कोणीच नाही. चित्रकाराने चित्र काढताना कौतुकाचे चार शब्द म्हटले की तिच्या गालावर लाली येई. पश्चिमेला मावळणारा उजेड तिला आवडे. कोण्या उत्साही माणसाने बागेतून चेरीची फांदी तोडून आणली की ती हरखून जाई. पांढऱ्या खेचरावर बसून ती सज्जाभोवती फेऱ्या मारी, तेव्हाही तसाच आनंद. मावळत्या सूर्याचा कोणी मत्सर करत नाही. ड्यूकचे दुखणे असे की त्याने दिलेली, छातीवर मिरवायची भेट आणि ही चेरीची फांदी तिने एकाच पारड्यात घातली. नऊशे वर्षांच्या घराण्याचे नाव त्याने तिला दिले आणि तिने त्याचे आभार इतरांचे मानावेत तसेच मानले. (त्या ओळीतल्या ‘फेव्हर’चा अर्थ शब्दार्थांत ‘कृपा’ दिला आहे, तेथे प्रेमाची खूण म्हणून अंगावर लावायची भेटवस्तू असा अर्थ आहे, आणि तो कळल्याशिवाय ही तुलना समजणार नाही.) याला मालकी म्हणतात. आपल्या वस्तूवर इतरांची नजर पडली याचा त्याला तेवढा राग नाही, त्या वस्तूला स्वतःचे डोळे आहेत आणि ते जिकडे तिकडे आनंदाने फिरतात, याचा आहे. म्हणून चित्र त्याला पत्नीपेक्षा अधिक सोयीचे वाटते: पडदा तो एकटाच ओढतो, त्यामुळे ती कोणाकडे पाहून हसेल हेही आता तोच ठरवतो.

तिला एकदा समजावून का सांगितले नाही, यावर त्याचे उत्तर आहे की तेवढ्यासाठीसुद्धा खाली वाकावे लागले असते आणि खाली वाकणे मला मान्य नाही. हे वाक्य मी वर्गात नेहमी दोनदा वाचत असे. संसारात दोन शब्द बोलून जे मिटले असते, ते बोलण्यापेक्षा माणूस संपवणे त्याला कमी कष्टाचे वाटले.

आणि आता प्रश्नसंच. त्यातला तिसरा प्रश्न असा आहे: “डचेसच्या स्वभावातील कोणत्या दोषांमुळे तिच्यावर ही वेळ आली, ते सोदाहरण लिहा.” हा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ ते पुन्हा उघडले नाही. ही कविता शिकवण्याचे कारणच असे आहे की एका बाजूचे बोलणे ऐकताना बोलणाऱ्याला तोलायला विद्यार्थ्याने शिकावे. १९५७ साली रॉबर्ट लँगबाउम या समीक्षकाने दाखवून दिले होते की ड्यूकच्या बोलण्याच्या जोरामुळे वाचक काही काळ त्याच्या मागे ओढला जातो आणि न्यायनिवाडा बाजूला ठेवतो. तसे ओढले जाणे हा वाचनाचा भाग आहे. परंतु टिपाकाराने तेथेच राहून जायचे नसते. ज्या ओळींवरून तिचे दोष काढायचे, त्या साऱ्या आरोपीच्या तोंडच्या आहेत. आणि गंमत अशी नाही, तर कवितेची खरी थोरवी अशी, की त्याच तक्रारींमधून ती मुलगी जिवंत होऊन आपल्यासमोर येते. संध्याकाळचा उजेड, फळांची फांदी, खेचरावरची फेरी, यांपैकी एकही गोष्ट ड्यूकला तिच्या बाजूने सांगायची नव्हती, तरी त्याच्याच तोंडून सांगितली गेली.

प्रस्तावनेत आणखी एक उणीव आहे. सारा दोष इटलीच्या सरंजामशाहीवर टाकून लेखक मोकळे झाले आहेत. परंतु ही कविता १८४२ सालच्या इंग्लंडमध्ये छापली गेली, आणि त्या इंग्लंडच्या कायद्यात लग्नानंतर स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विरून जात असे. तिची कमाई आणि मालमत्ता तिच्या नावावर राहण्याची सोय १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने झाली. पहिल्या वाचकांना फेरारा तितका दूर नव्हता. त्याच इंग्रजी कायद्याची एक कल्पना, पत्नीने पतीकडे नांदायला गेलेच पाहिजे असा हुकूम न्यायालयाने देणे, मुंबईत रखमाबाईंच्या खटल्यात वापरली गेली आणि १८८७ मध्ये त्यांच्यापुढे नवऱ्याकडे जा किंवा तुरुंगात जा असा पर्याय ठेवला गेला. हा दाखला दिला की माझ्या वर्गातली मुले सरसावून बसत. मराठी वाचकासाठी काढलेल्या आवृत्तीत त्याला दोन ओळींची जागा मिळायला हवी होती.

पुस्तकात लगेच पुढे ‘पॉर्फिरियाज लव्हर’ आहे, हा क्रम मला आवडला. ती कविता १८३६ मधली, म्हणजे आधीची, आणि तिच्यात प्रियकर पॉर्फिरियाच्याच पिवळ्या केसांचा पट्टा तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळून तिला मारतो, कारण त्या क्षणी ती पूर्ण आपली आहे असे त्याला वाटते. दोन्ही शेजारी शेजारी वाचल्या की मालकीची हीच भूक एका झोपडीतही असू शकते आणि राजवाड्यातही, हे विद्यार्थ्याला आपोआप दिसते. तिच्यावरच्या टिपा थोडक्यात आणि बऱ्या आहेत.

छपाई स्वच्छ आहे आणि कागदही या किमतीला चांगला आहे. शेवटच्या ओळीविषयी मात्र एक विनंती. कवितेचे शेवटचे शब्द ‘फॉर मी’ म्हणजे ‘माझ्यासाठी’ असे आहेत. पहिल्या ओळीत ‘माझी’ आणि शेवटी ‘माझ्यासाठी’, अशी ती कडी आहे. मराठी अर्थ मात्र “क्लॉसने माझ्यासाठी कांस्यात ओतली आहे” असा क्रियापदावर संपतो. “इन्सब्रुकच्या क्लॉसने ती कांस्यात ओतली, खास माझ्यासाठी” असे म्हटले असते तर कडी जुळली असती.

तेव्हा, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने हे पुस्तक घ्यावे का? डाव्या पानासाठी आणि ऐतिहासिक टिपेसाठी जरूर घ्यावे. उजवे पान शब्द अडला तरच पाहावे. प्रश्नसंच शिक्षकाशी बोलल्याशिवाय सोडवू नये. पुढच्या आवृत्तीत तिसरा प्रश्न काढून टाकावा, अशी विनंती मी प्रकाशकांना केली आहे, आणि त्या जागी घालायला एक प्रश्नही सुचवला आहे. तो माझा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, कविता वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने तो विचारला होता: ड्यूक चित्रकाराचे नाव तीनदा घेतो, शिल्पकाराचेही घेतो, मग बायकोचे नाव त्याने एकदाही का घेतले नाही?